कार्यक्रमांच्या तारखा सगळ्यांना कळाव्यात, पण घरातलं घरात राहावं : तुम्ही कसं जमवता?

धिरधिर | ९ नोव्हेंबर, रात्री ११.१०

मी पुण्यात तबला वाजवतो. ख्यालाची साथ, नाट्यगीतं, अभंगवाणी, दिवाळी पहाट, घरगुती बैठका, सगळं करतो. गणपती ते एप्रिल या दिवसांत महिन्याला दहा-बारा कार्यक्रम होतात. विद्यार्थी आणि काही जुने श्रोते सतत विचारतात, "पुढचा कुठे?" प्रत्येकाला वेगळं कळवणं होईना, म्हणून गेल्या वर्षी भाचीने माझं गूगल कॅलेंडर सार्वजनिक करून दिलं. लिंक मी फेसबुकवर आणि व्हॉट्सॲप स्टेटसला टाकली. त्याचा फार उपयोग झाला. बालगंधर्वला, कोथरूडच्या यशवंतराव चव्हाणला लोक मध्यंतरात भेटून सांगायला लागले, "कॅलेंडर बघून आलो."

घोळ असा झाला की तेच कॅलेंडर माझी डायरीही होती. माझी नोंद साधारण अशी असते : "सायं. ६, सहस्रचंद्रदर्शन, घरगुती बैठक. सोसायटीचं नाव, फ्लॅट नंबर, गेटचा कोड. काळी एक आणि काळी चार पट्टीचे दोन्ही तबले नेणे. गायकांचं पाकीट एवढं, माझं एवढं, ॲडव्हान्स आला. आप्पांना कळू द्यायचं नाही." हे सगळं वर्षभर लिंक असलेल्या कोणालाही दिसत होतं आणि माझ्या ध्यानीमनीही नव्हतं.

गेल्या आठवड्यात त्याच घरच्या मुलाचा फोन आला. आवाज चढवला नाही त्यांनी. एवढंच म्हणाले, "आप्पा रोज सकाळी चहाबरोबर तुमचं कॅलेंडर उघडतात. आत्ता त्यांच्या टॅबवर मी आमच्याच घरचा पत्ता वाचला." आप्पांनी ती नोंद वाचली की नाही, हे त्यांनाही माहीत नाही. मला काय बोलावं सुचेना. त्याच रात्री मी कॅलेंडर बंद केलं. दोन दिवसांत चार जणांनी विचारलं, "बंद का केलंत? आम्ही त्यावरच अवलंबून होतो."

दुसऱ्या एका आयोजकांनी त्याच नोंदीवरून एका गायकांच्या मानधनाचा आकडा वाचला आणि बोलणी करताना त्यांच्यासमोर ठेवला. त्या गायकांची मी घरी जाऊन माफी मागितली.

मला लोकांसाठी वेळापत्रक पुन्हा सुरू करायचं आहे, पण माझ्यावर विश्वासाने सोपवलेली एकही गोष्ट पुन्हा बाहेर जायला नको. तुम्ही काय करता? काय दाखवता, काय झाकता?

---

चहाबिस्कीट | ९ नोव्हेंबर, रात्री ११.२२

आप्पांनी वाचलं असेल तर एव्हाना फर्माईश ठरवूनही ठेवली असेल बघा!

---

बिनतारी | १० नोव्हेंबर, सकाळी ७.४५

धिरधिर, आधी तांत्रिक भाग सांगतो, म्हणजे तुमचा जीव भांड्यात पडेल.

गूगल कॅलेंडर सार्वजनिक करताना दोन पर्याय येतात. एकात फक्त 'व्यग्र' किंवा 'मोकळा' एवढंच दिसतं, दुसऱ्यात सगळा तपशील दिसतो. तुमच्याकडे दुसरा निवडला गेला होता. त्यात शीर्षक, ठिकाण, खालचं वर्णन, सगळंच उघडं पडतं.

प्रत्येक नोंद 'खाजगी' करता येते. तशी केली की कॅलेंडर सार्वजनिक असूनही ती नोंद बाहेरच्याला फक्त 'व्यग्र' दिसते. पण यावर विसंबू नका. रात्री एक वाजता कार्यक्रमाहून परतताना गाडीत बसून नोंद करताना ती खूण करायला माणूस हमखास विसरतो. शिवाय कॅलेंडरमध्ये बदल करायची परवानगी ज्याला दिली आहे (शिष्य, भाची, मॅनेजर), त्याला खाजगी नोंदीही पूर्ण वाचता येतात.

म्हणून सरळ दोन कॅलेंडरं करा. एक तुमचं, ते कायम बंद. दुसरं नवं, फक्त जाहीर कार्यक्रमांचं, ते सार्वजनिक. दुसऱ्यात नोंद हाताने, नव्याने टाइप करायची. पहिल्यातली नोंद उचलून टाकायची नाही, कारण तिच्यासोबत वर्णनही येतं.

सेटिंगमध्ये खाली एक 'गुप्त पत्ता' असतो, दुसऱ्या ॲपमध्ये कॅलेंडर जोडण्यासाठी. तो ज्याच्या हाती पडेल त्याला सगळं वाचता येतं. तो कधी कोणाला पाठवला असेल तर तिथेच 'रीसेट' आहे, ते करून टाका.

आणि सगळं झाल्यावर ब्राउझरच्या इनकॉग्निटो खिडकीत स्वतःचीच लिंक उघडून बघा. परक्याला काय दिसतं ते तिथेच कळतं. हे वर्षापूर्वी पाच मिनिटं केलं असतं तर पुढचं टळलं असतं.

---

गज | १० नोव्हेंबर, सकाळी ९.३०

मी व्हायोलिन वाजवायचो. आता वय झालं, हात थरथरतो, पण तारखांचा विषय निघाला म्हणून लिहितो.

आमच्या घरी फोनशेजारी कालनिर्णय टांगलेलं असायचं. १९७३ साली ते निघालं, तेव्हापासून आमच्या भिंतीवर आहे. मी बाहेर असलो की फोन हिच्याकडे यायचा आणि ही त्या चौकोनात तारीख धरायची. त्याच चौकोनात दुधाचा हिशोब, गॅसचा नंबर, संकष्टी. घरी येणारा प्रत्येक माणूस ते कालनिर्णय वाचायचा. शेजारीण तर त्यावर बघूनच विचारायची, "उद्या ठाण्याला का?"

पण हिने चौकोनात गाव आणि वेळ याखेरीज अक्षर लिहिलं नाही कधी. "ठाणे ५." "सांगली रा. ९." कोणाच्या घरी, कोणाबरोबर, किती पैसे, हे लाल पुठ्ठ्याच्या वहीत, आणि ती वही कपाटात साड्यांच्या खाली. मी एकदा म्हटलं, इतकं कशाला? ती म्हणाली, "आपले पैसे आपण सांगू, पण त्यांचं घर आपलं नाही."

बिनतारी म्हणतात ती दोन कॅलेंडरं म्हणजे आमचं कालनिर्णय आणि लाल वही.

---

मंद्रसप्तक | १० नोव्हेंबर, दुपारी १.०५

गजकाका, काकूंना नमस्कार सांगा.

मी गाते, आणि हा विषय माझ्यासाठी मानधनापुरता नाही. तीन वर्षांपूर्वी विदर्भात एक कार्यक्रम होता. दुपारी हॉटेलवर पोचले आणि लॉबीतला फोटो टाकला, मागे हॉटेलची पाटी दिसत होती. रात्री कार्यक्रम संपवून परतले तर एक अनोळखी माणूस लॉबीत बसून होता. हातात फुलं. "ताई, दुपारपासून वाट बघतोय." वागायला वाईट नव्हता, पण माझ्या खोलीचा नंबर त्याने रिसेप्शनवरून काढला होता. त्या रात्री मी साथीदारांच्या खोलीशेजारी खोली बदलून घेतली आणि तरी झोपले नाही.

तेव्हापासून माझे नियम पक्के आहेत. सभागृहाचं नाव, वेळ आणि तिकीट कुठे मिळेल हे जाहीर. मुक्काम कुठे, कुठल्या गाडीने, कधी निघणार हे कधीच नाही. फोटो टाकते, पण गाव सोडल्यावर. रेल्वेच्या तिकिटाचा फोटो तर चुकूनही नाही, कारण पीएनआरवरून कोणालाही डबा आणि बर्थ कळतो.

धिरधिर, तुमच्या कॅलेंडरात गायिकांचे मुक्काम लिहिलेले असतील तर ते आधी काढा. तुम्ही साथीदार आहात, तुमच्या नोंदीत आमचीही माहिती असते. एवढं प्रत्येक साथीदाराने लक्षात ठेवावं असं मनापासून वाटतं.

---

धिरधिर | १० नोव्हेंबर, दुपारी २.३०

मंद्रसप्तक, होते. दोन नोंदींत हॉटेलचं नाव होतं. आत्ता कॅलेंडर बंद आहे, तरी ते शब्द पुसले. ज्यांच्या त्या नोंदी होत्या त्यांनाही कळवतो.

---

सुपारी_बहाद्दर | १० नोव्हेंबर, दुपारी ४.१५

मी कीबोर्डवाला, ऑर्केस्ट्रा आणि हळदी-संगीतवाला. इथे सगळे मानधन लपवायच्या गोष्टी करताय, मला ते पटत नाही. आमच्यात सुपारी, म्हणजे कार्यक्रमाची ठरलेली रक्कम, किती फुटली हे मधल्या माणसालाच माहीत असतं. तो पन्नास घेतो आणि आमच्या हातावर तीन टेकवतो. आकडे उघड झाले तर नवीन पोरं नाडली जाणार नाहीत. लपवाछपवीचा फायदा कलाकाराला कधीच होत नाही.

---

गज | १० नोव्हेंबर, संध्या. ५.००

बाळा, तुझं दुखणं खरं आहे, मीही भोगलंय. पण तू तुझा आकडा सांग ना, चौकात उभा राहून सांग. दुसऱ्याचा आकडा त्याला न विचारता सांगणं वेगळं. इथे गायकांचं पाकीट तबलजींच्या नोंदीतून बाहेर पडलं.

---

सुपारी_बहाद्दर | १० नोव्हेंबर, संध्या. ५.२०

हे मान्य काका. आकड्यांवर मी वेगळा धागा काढतो, त्यात सगळ्यांनी या.

---

कोकण_किनारा | १० नोव्हेंबर, रात्री ९.५०

आयोजकाच्या बाजूनेही कोणीतरी बोललं पाहिजे. आम्ही एका छोट्या गावात वर्षाला चार कार्यक्रम करतो. हॉलचं आरक्षण, प्रायोजक, पोस्टर, तिकीटविक्री, सगळं एका क्रमाने चालतं. पोस्टर छापायच्या आधी कलाकाराच्या कॅलेंडरवर आमची तारीख झळकली की लोक तिकिटांसाठी फोन करतात आणि आमच्याकडे अजून दरही ठरलेला नसतो. एकदा प्रायोजकाला ती बातमी आमच्याआधी तिकडून कळली. ते रुसले, समजूत काढायला दोन चकरा झाल्या.

आणि तोंडी धरलेली तारीख तर मुळीच टाकू नका. आमचा एक कार्यक्रम ठरता ठरता बारगळला. कलाकाराच्या पानावर तो तसाच राहिला. साताऱ्याहून एक वयस्कर जोडपं एसटीने आलं. संध्याकाळी बंद हॉलच्या पायरीवर पिशव्या घेऊन बसलेले दिसले. त्यांना घरी आणलं, जेवू घातलं, माझ्या पत्नीने दोन पदं म्हणून दाखवली. सकाळी एसटीत बसवून दिलं. पण ती संध्याकाळ मला अजून टोचते.

तेव्हा कलाकारांना विनंती, तारीख पक्की करताना एकच ओळ विचारा : "जाहीर केव्हा करू?" आम्ही तारीख सांगतो. त्यानंतर खुशाल टाका, आम्हालाही प्रसिद्धी हवीच असते.

---

पखवाज_बीड | ११ नोव्हेंबर, सकाळी ६.२०

रामकृष्णहरी. आमच्याकडं उलटं आहे. हरिनाम सप्ताहाची पत्रिका छापतात, तिच्यात सात दिवसांचे कीर्तनकार, गायनाचार्य, मृदंगाचार्य, हार्मोनियम, विणेकरी, चोपदार, सगळ्यांची नावं आणि सगळ्यांचे मोबाईल नंबर. ती पत्रिका तीस गावांत वाटतात, व्हॉट्सॲपवर फिरते ती वेगळी. सप्ताह संपून दोन वर्षं झाली तरी फोन येतात. पहाटे काकड्याच्या वेळेला येतात, रात्री एकला येतात.

त्यात चांगलंही आहे. मला निम्मी कामं त्या पत्रिकेवरूनच मिळतात. म्हणून नंबर काढा म्हणायची छाती होत नाही. शेवटी मी दुसरं सिम घेतलं. पत्रिकेवर तो नंबर. घरी आलो की तो फोन देवघरात ठेवतो, सकाळी पूजा झाल्यावर उघडतो. घरच्यांना आणि महाराजांना जुना नंबर.

---

चहाबिस्कीट | ११ नोव्हेंबर, सकाळी ८.०२

देवघरात फोन ठेवायची कल्पना आवडली. पांडुरंगच कॉल उचलेल एखादा!

---

मांडवी_काठ | ११ नोव्हेंबर, सकाळी १०.४०

गोव्यात आमचे तियात्रवाले (कोंकणी संगीत नाटकवाले) हे फार पूर्वीपासून नीट करतात. पेपरात जाहिरात येते : कला अकादमी किंवा मडगावचं रवींद्र भवन, तारीख, वेळ, तिकिटाचा फोन. संपलं. मुंबईच्या नाटकांच्या जाहिरातीही बघा : शिवाजी मंदिर दु. ३.३०, गडकरी रंगायतन रात्री ८.३०. दौऱ्यात नट कुठे उतरलेत, कोणाकडे जेवणार आहेत, कधी छापून आलंय का? आणि तरी नाटक हाऊसफुल्ल होतं. तुमचं वेळापत्रक त्या जाहिरातीच्या मापाचं ठेवा.

---

रसिक_मुलुंड | ११ नोव्हेंबर, सकाळी ११.१५

जाहिरातीवरून आठवलं. आमच्या कालिदास नाट्यगृहात रविवारी दुपारचा प्रयोग असला की मी सकाळी आधी पेपरचं ते पान उघडतो, मग बाकीचं. वडीलही तेच करायचे, ते तर प्रयोगाच्या वेळांना पेन्सिलीने खुणा करायचे.

आता श्रोता म्हणून माझं म्हणणं. आम्हाला फार काही नको असतं. कोण गाणार, साथीला कोण, कुठे, किती वाजता, प्रवेशिका आहे की विनामूल्य. यातलं 'साथीला कोण' हे पुष्कळदा पोस्टरवर बारीक अक्षरात असतं किंवा नसतंच. मी तबला ऐकायला जाणारा माणूस आहे. म्हणून साथीदाराने स्वतःचं वेळापत्रक ठेवलं की मला फार बरं वाटतं. धिरधिर, बंद ठेवू नका.

---

बिनतारी | ११ नोव्हेंबर, दुपारी १२.३०

रसिक, अनुमोदन. धिरधिर, एक सोपा मार्ग : तुमच्या मुख्य कॅलेंडरचं फक्त 'व्यग्र/मोकळा' रूप सार्वजनिक करा. आयोजकांना फोन न करता कळेल की तुम्ही कधी रिकामे आहात.

---

मंद्रसप्तक | ११ नोव्हेंबर, दुपारी १.१०

बिनतारी, इथे मात्र माझा ठाम विरोध. 'मोकळा' हीसुद्धा माहितीच आहे. पितृपक्षात आणि जूनमध्ये आमचे रकाने पांढरे असतात. आयोजकाने ते पाहिलं की बोलणी तिथूनच सुरू होतात, "तसं तुम्हाला त्या दिवसांत काही नाहीये म्हणून म्हटलं..." मी हे फोनवर ऐकलेलं आहे. शिवाय सलग चार दिवस 'व्यग्र' दिसलं की घर रिकामं आहे हेही जगाला कळतं. आमच्या सोसायटीत दिवाळीच्या दौऱ्यावर गेलेल्या एका वादकाचं घर फुटलं. चोराला कुठून कळलं ते सापडलं नाही, पण दौऱ्याचं पोस्टर त्यांनी स्वतः घराच्या फोटोसकट टाकलं होतं.

रिकाम्या तारखा विचारणाऱ्याला फोनवर सांगाव्यात. वेळापत्रकात फक्त जाहीर कार्यक्रम.

---

बिनतारी | ११ नोव्हेंबर, दुपारी १.४०

हा विचार मी केला नव्हता. मी ऑफिसच्या सवयीने बोललो, तिथे सगळ्यांचं व्यग्र-मोकळं सगळ्यांना दिसतं. कलाकाराची गोष्ट वेगळी आहे. माझी सूचना मागे घेतो.

---

एडिसनवासी | ११ नोव्हेंबर, रात्री ११.५५

न्यू जर्सीहून लिहितो. आमच्याकडे घरच्या बेसमेंटमध्ये मैफली होतात, चाळीस-पन्नास माणसं, चटई, मागे वडा-चहा. जाहीर निमंत्रणात फक्त गाव असतं, "एडिसन, शनिवार ४ वाजता". घराचा पत्ता नाव नोंदवणाऱ्याला आदल्या दिवशी ईमेलने जातो. यजमान मुलाबाळांच्या घरात परक्यांना बोलावतात, त्यांनाही आधार वाटतो, आणि खुर्च्या किती लावायच्या तेही कळतं.

तिकडच्या घरगुती बैठका श्रोत्यांसाठी खुल्या असतील तर ही पद्धत सोयीची आहे. पण बैठक फक्त घरच्यांसाठी असेल तर ती वेळापत्रकात कशाला हवी? 'खाजगी कार्यक्रम' असंही लिहू नये असं मला वाटतं. आप्पांसारख्या माणसाला तेवढं पुरेसं होईल.

---

विद्यार्थिनी_कायदा | १२ नोव्हेंबर, सकाळी ९.१५

थोडं कायद्याचं. २०२३ मध्ये आपल्याकडे डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला. एखादी व्यक्ती निव्वळ घरगुती कारणासाठी माहिती ठेवते तेव्हा तो तिला लागू होत नाही. पण कलाकाराचं काम हा व्यवसाय आहे, तेव्हा 'माझी घरगुती डायरी' म्हणून मोकळं होता येईल असं धरून चालू नये. सर्वांत साधं म्हणजे विचारणं : "हे टाकू का?" आणि उत्तर व्हॉट्सॲपवर लेखी असू द्यावं.

---

कोकण_किनारा | १२ नोव्हेंबर, सकाळी १०.००

लेखीचा मुद्दा चांगला. मी कलाकारांना तारीख पक्की करण्याचा जो मेसेज पाठवतो त्यात आजपासून एक ओळ वाढवली : "जाहीर करण्याची तारीख : ___. तोपर्यंत कृपया कुठेही टाकू नये."

---

चहाबिस्कीट | १२ नोव्हेंबर, सकाळी १०.०४

आणि आप्पांचं काय झालं? तो कार्यक्रम कधी आहे?

---

रसिक_मुलुंड | १२ नोव्हेंबर, सकाळी १०.३०

हो, मीही तेच विचारायला आलो होतो.

---

धिरधिर | १७ नोव्हेंबर, रात्री १.४०

सगळ्यांचे मनापासून आभार. उशीर झाला, आत्ता घरी आलो, तबले अजून गाडीतच आहेत.

आधी काय केलं ते सांगतो. नवं कॅलेंडर काढलं आहे. त्यात फक्त पक्के आणि आयोजकांनी जाहीर केलेले कार्यक्रम. नोंदीत कोण गाणार, साथीला कोण, सभागृह, वेळ, प्रवेशिका कुठे, आणि बाकी कोरं. घरगुती बैठका त्यात नाहीत, 'व्यग्र'ही नाही. जुन्या कॅलेंडरवर भाचीला बदल करायची परवानगी होती, ती तिच्याशी बोलून काढली. गुप्त पत्ता रीसेट केला. इनकॉग्निटोत तीनदा तपासलं. आणि गजकाका, मी खरोखरच लाल पुठ्ठ्याची वही आणली आहे. पाकिटाचे आकडे आता तिच्यात.

आता आप्पा. आजच होता कार्यक्रम.

सहा वाजता त्यांना शेजारच्या घरी चहाला नेलं होतं. परत आणलं तेव्हा हॉलमधलं फर्निचर सरकवून गादी घातलेली, तानपुरे लागलेले, पन्नासेक माणसं. दारात ते थांबले. मुलाने विचारलं, "आप्पा, कसं वाटलं?" ते म्हणाले, "अरे, मला काहीच कल्पना नव्हती." सुनेच्या डोळ्यांत पाणी आलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

यमनने सुरुवात झाली. मध्यंतरात मी पाणी प्यायला उठलो तर त्यांनी खुणेने जवळ बोलावलं. अंगावर कडक इस्त्रीचा नवा सदरा होता. चहाला जाताना तो घालायचं कारण काय, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. त्यांनी खिशातून चौघडी कागद काढून माझ्या हातात दिला. पेन्सिलीने वळणदार अक्षरात चार ओळी लिहिल्या होत्या : बागेश्री, एक नाट्यपद, एक अभंग, भैरवी. हळूच म्हणाले, "गायकांना द्या. आणि मुलाला सांगू नका हं, पंधरा दिवस धावपळ केलीय त्याने."

मी कागद गायकांना दाखवला. त्यांनी बागेश्रीला सूर लावला तेव्हा आप्पांनी डोळे मिटून घेतले.

(त्यांच्या मुलाला या धाग्याची लिंक ठाऊक नाही, आणि गाव-नाव मी कुठे लिहिलेलं नाही. तरी कोणाला ओळख पटलीच तर आप्पांचा शब्द राखा.)

---

गज | १७ नोव्हेंबर, सकाळी ६.१५

हिला वाचून दाखवलं. ती म्हणते, तो कागद लाल वहीत ठेवा.